उजवीकडचा खिसा

या मायबाप, जरा जवळ सरकून बसा, एका बाईची गोष्ट सांगतो. ती दफनभूमीच्या पायवाटेवर उभी आहे, हातात एकच फोटो, आणि फाटकाशी रोलर घुरघुरतो आहे.

खालच्या आवारातून रस्ता जाणार होता. पाच वाजेपर्यंत ज्या कबरीचा पुरावा मिळेल, ती वरच्या आवारात हलवणार; बाकीच्यांवर खडी. नोंदवह्या कधीच भिजून कुजल्या होत्या. घरी आई अंथरुणाला खिळलेली. तिचा एकच धोशा : "माझ्या सोन्याला रस्त्याखाली टाकू नका. मला त्याच्याशेजारी ठेवा."

सोन्या म्हणजे बाईचा भाऊ. तिच्या जन्माआधीच, तीन वर्षांचा असताना गेलेला.

फोटोत पायवाट, टोकाला झाड, डावीकडे चिमुकली कबर आणि तिच्यापाशी बाबा. सदऱ्याचा खिसा उजव्या छातीवर. बाबांचं सगळंच उलटं, असं घरात म्हणत. फोटोही ते न्हाणीघरात अंधार करून स्वतःच छापत.

आता झाडाचं नुसतं खोड उरलं होतं. आणि वाटेच्या दोन्ही अंगांना एकेक चिमुकली कबर, बिननावाची. दोन्ही सारख्याच.

"काका, डावीकडची. हीच ना?"

म्हाताऱ्या राखणदाराने फोटो उन्हात धरला. मग पालथा करून धरला. बराच वेळ.

"पावणेपाच झाले हो काका! पाया पडते, काहीतरी बोला!"

"हीच," तो म्हणाला. "फोटो कशाला खोटं बोलेल, ताई?"

शेवटची माती त्याने फावडं टाकून हातांनीच काढली. "ये, ये गं, सावकाश," तो पुटपुटला. आपल्यालाच म्हणतोय समजून ती पुढे सरकली. त्याचे डोळे वाहत होते.

"रोजचं काम तुमचं, आणि रडता?"

"धूळ हो, ताई. दुसरं काय!"

"तुमचं कोणी आहे इथे?"

"आहे की. पण आमच्याकडे फोटो कुठला?"

वरच्या आवारात नवी माती सारखी झाली. निघताना तिने वळून पाहिलं. रोलर वाटेच्या उजव्या अंगाला चढला होता. देवा, वेळेत पावलास रे, म्हणत ती घरी धावली.

आईने फोटो डोळ्यांशी नेला आणि कित्येक दिवसांनी हसली. "तुझे बाबा म्हणजे ना! फिल्म पालथी घालून छापलाय. बघ, खिसा कुठे गेलाय! पण तू बरोबर ओळखलंस ना गं? माझा सोन्या नीट निघाला ना?"

बाईच्या कानात ते "ये गं" घुमलं.

"हो आई. नीट निघाला."

मायबाप, त्या आईच्या शेजारी आज राखणदाराची लेक निजली आहे. तिला आठवा, आणि नव्या रस्त्यावरून जाताना पाय जरा हळू टाका, खाली सोन्या आहे.