सामनेवाल्याचा रकाना

"नाव सांगू नका," बाईंनी त्याला पहिल्याच वाक्यात अडवलं. "इथे फक्त तक्रारदार आणि सामनेवाला. नावं घरी जाऊन भरायची."

वाचनालयाच्या कोपऱ्यात दर बुधवारी दुपारी ते टेबल मांडलं जायचं. वर पाटी होती: 'वकील नाही. माहिती मिळेल. अर्ज आपला आपण लिहावा.' बाई कोर्टातून निवृत्त झालेल्या कारकून. नावं न घेण्याचा नियम त्यांचाच. एकदा सामनेवाल्याचा मेहुणाच शेजारी पेपर वाचत बसलेला निघाला होता आणि पुस्तकांच्या कपाटांमध्ये चांगलीच हमरीतुमरी झाली होती.

एरवी येणारी माणसं म्हणजे आठ दिवसांत तळ सुटलेली चप्पल घेऊन थेट वरच्या कोर्टात निघालेली. हा तसा नव्हता. पन्नाशीचा, हातात लांबट वही. त्याने वाचनालयाच्या रजिस्टरमध्ये तिरक्या अक्षरात नाव आणि वेळ लिहिली आणि खुर्चीच्या कडेवर टेकला. बाईंनी मनातल्या मनात त्याला वहीवाला म्हणून टाकलं.

"गॅसचा गीझर," तो म्हणाला. "धूर बाहेर नेणारा पाइप बसवलाच नव्हता. मुलगी आंघोळीला गेली, ती बाहेर आलीच नाही. सतरा वर्षांची होती."

बाईंनी पेन खाली ठेवलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. त्याने तो घेतला नाही.

"पंचनाम्यात काय आहे?"

"खिडकी तिने बंद ठेवली, असं. म्हणजे चूक तिचीच. तेवढं पुसायचंय."

"कधीची गोष्ट?"

"दोन वर्षं व्हायला दोन महिने आहेत."

"मग हातपाय हलवा. दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात तक्रार गेली नाही, तर उशीर का केलात याचाच खुलासा करत बसावं लागेल."

तो दर बुधवारी येऊ लागला. सांगितलेलं सगळं वहीत उतरवायचा, पुढच्या खेपेला करून आणायचा. बाईंना असा विद्यार्थी आयुष्यात मिळाला नव्हता. त्याला एकच खोड होती. सामनेवाला कसा निसटेल, हे तो खोदून खोदून विचारायचा.

"तो म्हणेल, पाइप गिऱ्हाइकानेच काढला," बाई म्हणाल्या.

"भिंतीला भोकच पाडलेलं नाही. फोटो लावतो. आणखी काय म्हणेल?"

"म्हणेल, मी धोक्याची सूचना दिली होती."

"नाही दिली. पाइप तोकडा पडला, उद्या आणतो म्हणाला आणि दुसऱ्या कामाला लागला. विसरला."

तिसऱ्या की चौथ्या बुधवारी त्याने गीझर बसवल्याचं कार्ड आणलं. नियमाप्रमाणे नावांची पट्टी दुमडून पिन मारलेली. खाली 'पाइप बसवला' या ओळीपुढे बरोबरची ठसठशीत खूण.

"धडधडीत खोटं की हो!" बाईंचा संताप झाला. "हे कार्ड मिळालं कुठून?"

"जपून ठेवलं होतं."

"ह्या एका कागदावर तो गाडला जाईल. पण साक्षीदार हवा. आहे कोणी?"

"आहे एक. तोंड उघडायला त्याला दोन वर्षं लागली."

"ऐन वेळी कच खाल्ली तर?"

"आता नाही खाणार."

त्याच्या बोलण्यात रडारड नव्हती, आणि त्याचीच बाईंना भीती वाटायची. मुलीच्या बापाने एवढं थंड असू नये. एकदा त्यांनी न राहवून विचारलं, "तो फिटर राहतो कुठे, माहीत आहे तुम्हाला?"

"रोज बघतो त्याला."

"हे बघा, काही वेडंवाकडं करू नका हं. जिवाचं काही बरंवाईट करून बसलात तर मुलीवरचा ठपका तसाच राहील."

"म्हणून तर इथे येतो," तो म्हणाला आणि वही मिटली.

सातव्या बुधवारी फाइल पुरी झाली. बाईंनी पानन्‌पान तपासलं. बोट ठेवायला जागा नव्हती. फक्त नावांचे रकाने कोरे होते.

"नावं भरा, तक्रारदाराची सही घ्या, आणि सोमवारच्या आत दाखल करा."

"सहीऐवजी तिच्या आईचा अंगठा चालेल?"

"चालेल की. पण मजकूर वाचून दाखवला, असं लिहावं लागतं."

त्याने तेही वहीत लिहून घेतलं. जाताना वळून हात जोडले.

शुक्रवारी सकाळी एक बाई वाचनालयात विचारत विचारत आली. अंगावर इस्पितळातल्या सफाईवालीचा निळा कोट. छातीशी कापडी पिशवी धरलेली. वाचनालयाच्या शिपायाने टेबलवाल्या बाईंना घरून बोलावून आणलं.

"ताई, ही पिशवी कोणी तरी दाराला अडकवून गेलं," ती म्हणाली. "मला वाचता येत नाही. शेजारणीने वरची चिठ्ठी वाचली. सोमवारच्या आत इथे घेऊन जा, असं लिहिलंय. आत माझ्या लेकीचा फोटो आहे हो."

बाईंनी फाइल लगेच ओळखली.

"तुमच्या मिस्टरांनीच केलीय ही. सात आठवडे खपत होते बिचारे. तुम्हाला बोलले नाहीत?"

तिने जोरात मान हलवली.

"ती पाळण्यात होती तेव्हाच तिचे वडील गेले. आमचं कोणीच नाही ताई. तो गीझर लावला तेव्हासुद्धा मी कामावर होते, घरी एकटी तीच होती." तिने डोळे पुसले. "खिडकी तिने बंद केली म्हणून सगळे मला बोलतात. आमच्यासाठी एवढं करणारा कोण हा देवमाणूस?"

"थांबा, नाव सांगते," म्हणत बाईंनी रजिस्टर उघडलं. तिरक्या अक्षरातलं ते नाव सात बुधवार एकाखाली एक होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि दुसऱ्या हाताने फाइलचं पहिलं पान उलटलं. तक्रारदाराच्या रकान्यात त्या आईचं नाव होतं. खाली सामनेवाल्याच्या रकान्यात, त्याच तिरक्या अक्षरात, बाईंच्या बोटाखालचं नाव होतं.