खुडूक

जीप गावात शिरली तसे टोलीतले, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतले, सगळे गडी तलावापलीकडच्या झाडीत पळाले. नसबंदीवाले आले, असंच त्यांना वाटलं. त्या वर्षी जीपचा आवाज आला की गड्यांना दुसरं काही सुचतच नसे. पुढे जीप कोंबड्या मारायला आली आहे हे कळलं, तरी एकही परतला नाही. आपण वाचलो, कोंबड्यांचं बायका बघून घेतील!

बायाबाईचा पोरगा फकिरा पळणाऱ्यांत सगळ्यात पुढे होता. एवढ्या चपळाईने तो कधी जाळं टाकायला गेला नव्हता. म्हातारी दारात बसून त्याच्या नावाने थुंकली आणि जीपमधून आलेल्या साहेबाची वाट पाहत राहिली.

सकाळपासून टोलीत नुसती फडफड चालली होती. रोगाचं नाव मानमोडी, आणि साहेबाचा इलाजही तोच. दोन शिपाई कोंबड्या पकडून माना पिरगाळत होते, पोतं भरलं की तलावाच्या पाळीखालच्या खड्ड्यात ओतून वर चुना टाकत होते. घरं दाखवायला पोलीस पाटील कृष्णराव होता. रोग आधी त्याच्याच शेडात आला होता. सरकारी योजनेतल्या पांढऱ्या कोंबड्या, तारेच्या जाळीत, डोक्यावर बल्ब. त्यांतल्या निम्म्या मेल्या, आणि उरलेल्या म्हणे निरीक्षणाखाली होत्या. पाटलाच्या कोंबड्यांचं निरीक्षण होतं, गरिबाच्यांना खड्डा.

"पाटलाच्या मेल्या, आमच्या तं जित्या आहेत!" शेजारची मंदाबाई साहेबाला म्हणाली होती.

"म्हणूनच तर मारायच्या," साहेब म्हणाला. "गावठी कोंबड्यांना काही होत नाही, पण त्या रोग घेऊन फिरतात."

बायकांनी जमेल तसं लपवून पाहिलं. मंदाबाईने धानाच्या ढोलीत, पुष्पाबाईने वाकळांखाली. पण कोंबडीला गप्प बसायची अक्कल असती तर ती कोंबडी कशाला झाली असती? आत ओरडल्या आणि सापडल्या. मुक्याने बसलेली एकच उरली होती, बायाबाईची. कोपऱ्यात दुरडीखाली खुडूक बसलेली.

तिला मागच्या वाटेने जंगलात नेऊन ठेव, म्हणून मंदाबाईने बायाबाईच्या हातापाया पडून सांगितलं होतं. म्हातारीने ऐकलं नाही. अंड्यांवर बसलेली कोंबडी जागची हलवायची नाही. हलवली की ती पुन्हा बसत नाही, अंडी गार होतात, आतला जीव मरतो. टोलीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शिवाय अंडी एकट्या बायाबाईची नव्हती. ज्या घरची कोंबडी खुडूक होईल तिच्याखाली सगळ्यांनी अंडी ठेवायची, ही टोलीची रीत. मंदाबाईच्या अंड्यांवर कोळशाचा टिपका होता, पुष्पाबाईच्या अंड्यांवर रेघ, बायाबाईची कोरी. आता टोलीत कोंबड्यांचं बियाणं म्हणून एवढंच उरलं होतं. बियाण्याचं धान कितीही भूक लागली तरी कोणी कांडत नाही, तसंच हे.

साहेब वाकून आत आला. नाकाला रुमाल. शिपायाने दुरडी उचलली.

"बसून राहिली ते, साहेब. तिले उठवू नोका," बायाबाई म्हणाली.

"बाई, सरकारचा हुकूम आहे," दारातून कृष्णराव म्हणाला. "हुकमाले खुडूक-बिडूक समजत नाही."

"तुमच्या जाळीतल्यायले लागू नाही का जी हा हुकूम?"

कृष्णरावाला एकदम छपरावरची कवेलू मोजावीशी वाटली.

कोंबडी पळाली नाही. शिपायाने हात घातला तेव्हा तिने अंग फुगवलं आणि त्याच्या मनगटावर अशी चोच मारली की रक्त आलं. अख्ख्या टोलीत आज एवढी एकच मर्द निघाली, असं बायाबाईच्या मनात आलं. मग मान मोडल्याचा आवाज झाला, आणि कोंबडी पोत्यात गेली.

"अंडीपण घे रे," साहेब म्हणाला.

शिपाई वळला तर दुरडीच्या जागी नुसतं तणस. बायाबाईने अंडी ओच्यात घेतली होती आणि भिंतीला पाठ लावून, गुडघे जवळ घेऊन ती बसली होती. कोंबडीची ऊब अजून अंड्यांना होती. पोटाला ती लागली आणि म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. या लोकांपुढे पाणी आलं याचाच तिला जास्त संताप आला.

"आजी, अंडी द्या. अंड्यांतूनही रोग जातो."

"घ्या ना," ती म्हणाली. "हात घाला."

शिपाई दोन पावलं मागे सरला. साहेबाने कृष्णरावाकडे पाहिलं. कृष्णरावाने दाराकडे. दारात मंदाबाई आणि पुष्पाबाई येऊन उभ्या होत्या, त्यांच्या मागे टोलीतल्या आणखी बाया. कोणी वाट देत नव्हतं.

"राहू द्या साहेब," कृष्णराव हळूच म्हणाला. "संध्याकाळपर्यंत आपोआप गार होतात."

साहेबाला ते पटलं. सुटल्यासारखं तो हसला. "काय आजी, आता तुम्ही बसून पिल्लं काढणार का?"

बायाबाईने पदर ओच्यावर नीट ओढून घेतला.

"तुमच्या सरकारी कोंबड्या तं अंडे टाकतेत अना चालल्या जातेत, साहेब. बसत नाही त्यायच्यातली एकबी. कोणाले तं बसाच लागन."