पुतळी आणि बिस्मथ

सुनेच्या प्रयोगशाळेने मागवलेली सोन्याची तार कस्टममध्ये अडकली, तेव्हा गोदूबाईंनी तोऱ्यात आपल्या सासूच्या माळेतली सोन्याची पुतळी काढून सुनेला, सुप्रीताला दिली. हाडं गोठवणाऱ्या थंडीत कणभर ऊब टिपणाऱ्या यंत्रावर म्हणे धातूचा पातळ थर चढवायचा होता. चार दिवसांत पुतळी परत आली. “सोनं चाललं नाही, आई. बिस्मथ नावाचा दुसरा धातू घेतला.” बावनकशी सोनं चालत नाही? गोदूबाईंच्या मनात पाल चुकचुकली: हिने पुतळी बदलली. त्या तडक बसवनगुडीतल्या पिढीजात सोनाराकडे गेल्या. त्याने कसोटीवर पुतळी घासली. “अक्का, आत तांबं आहे. पण शिक्का आमच्याच दुकानाचा. माळ तुमच्या सासूबाईंनीच अशी करवून घेतलेली.” घरी सुप्रीता चुलीवरची आंबट डाळीची हुळी ढवळत होती. “तुला तांबं दिसलं होतं ना?” ती ढवळतच राहिली. गोदूबाईंनी माळ गळ्यात घातली. “कुणी विचारलं तर सांग, सोनं थंडीला चालत नाही.”