डावा गाल

"आज दहा वाजून पाच मिनिटांनी संपूर्ण राष्ट्र एकदिलाने स्तब्ध उभे राहील," रेडिओने जाहीर केले. लगेच भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "माझा टॉवेल कोणी नेला?" राष्ट्राला अजून पंधरा मिनिटे अवकाश होता.

भोंगेवाला आरशासमोर दाढी करत होता. फक्त उजव्या गालाची. डावा गाल आठवडाभर वाढवलेला होता आणि तो तसाच ठेवायचा होता. दरवर्षी तसे सरकारी पत्रच येई : 'स्मृतिदिनी कृपया डावा गाल न करता उपस्थित राहावे.' एकोणीस वर्षांपूर्वी धरणाची भिंत फुटली तेव्हा तो भोंग्याच्या खोलीसमोरच्या न्हाव्याकडे बसला होता. अर्ध्या दाढीनिशी धावत जाऊन त्याने नगरपालिकेचा भोंगा वाजवला. चार मिनिटांनी पाणी आले. तेवढ्यात जे माळावर चढले ते वाचले. नऊशे सोळा माणसे चढली नाहीत. त्याचा अर्ध्या दाढीचा फोटो मात्र देशभर फिरला, पाठ्यपुस्तकात जाऊन बसला. पुढे तो निवृत्त झाला, तरी त्या एका दिवसापुरता भोंगा सरकारने त्याच्याकडेच ठेवला.

पाठ्यपुस्तकात फोनबद्दल काही नव्हते. भोंग्याच्या खोलीतला फोन त्या दिवशी बराच वेळ वाजत होता.

"फोन वाजतोय तुमचा," वस्तरा थांबवून न्हावी म्हणाला होता.

"वाजू दे. कोणाला तरी घड्याळ लावायचं असेल."

गावाला ती सवयच होती. घड्याळ बंद पडले की लोक भोंग्याला फोन करत. त्याने समोरच्या आरशात पाहिले. भिंतीवरचे घड्याळ त्यात उलटे दिसत होते. नऊ बावन्न. न्हावी बोलका होता. एका गालाला पाव तास लावायचा. फोन थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. मग लांबून घरघर ऐकू आली आणि भोंगेवाला पळाला. नंतर नोंदवहीत त्याने लिहिले : 'खबर दहा पाच. भोंगा दहा पाच.' न्हावी वाहून गेला. धरणावरून फोन लावणारा पहारेकरीही गेला. तो भोंगेवाल्याचा थोरला भाऊ. चौकशी समितीने नोंदवहीतला आकडा जसाच्या तसा उचलला. तेव्हापासून देश दहा पाचला उभा राहतो.

दरवर्षी तो नऊच्या आतच घर सोडायचा. हार, सत्कार, साहेबांशी हस्तांदोलन असे सगळे आधी उरकावे लागे. यंदा गुडघ्याने दगा दिला म्हणून गाडी घरी येणार होती. त्यामुळे एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्या वेळी तो घरात होता.

आरशात त्याला मागचे स्वयंपाकघर दिसत होते. भाऊ गेल्यापासून त्याच्याकडेच राहणाऱ्या वहिनी गॅससमोर उभ्या होत्या. हात बाजूला सरळ, मान खाली. दूध वर येत होते.

"वहिनी, दूध!"

वहिनी हलल्या नाहीत. दूध उतू गेले, चरचरले, गॅस विझला. तरी हलल्या नाहीत. पुरती दोन मिनिटे गेल्यावर त्यांनी बटण बंद केले आणि फडके घेतले.

त्याने आरशातल्या उलट्या घड्याळाकडे पाहिले. नऊ चोपन्न. उजव्या गालाला ब्लेड लागले.

"अजून वेळ आहे वहिनी," तो कसाबसा म्हणाला. "दहा पाचला उभं राहायचं असतं."

"ते देशाचं," ओटा पुसत वहिनी म्हणाल्या.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

दहा पाचला त्याने भोंगा वाजवला. देश उभा राहिला. चौकातल्या गर्दीत कोणाच्या तरी खिशात फोन वाजू लागला. शिस्त म्हणून त्या माणसाने तो काढला नाही. दोन्ही मिनिटे फोन वाजतच राहिला. लोक म्हणाले, भोंगेवाल्याला यंदा फारच भरून आलं.

तो परतला तेव्हा गळ्यात हार होता. वहिनींनी ताटे घेतली होती. तो पाटावर बसला नाही, दारातच थांबला.

"वहिनी, ते नऊ बावन्न..."

"यांचा फोन आला होता," वहिनी वाढता वाढता म्हणाल्या. "भिंत गेली म्हणाले. धाकट्याकडे रिंग जातेय, उचलेलच. भोंगा झाला की माळावर पळ. एवढं बोलले आणि कट झाला."

"म्हणजे तुम्हाला..."

"दूध ठेवलं होतं मी. तिथंच उभी राहिले भोंग्याची वाट बघत. तेरा मिनिटं. आळीत एकालाही हाक मारली नाही. म्हटलं, आत्ता वाजेल."

त्याने हार काढला. तो कुठे ठेवावा हे कळेना. एकोणीस वर्षे तो या बाईच्या हातचे जेवत होता.

"इतक्या वर्षांत बोलला नाहीत कधी?"

"कोणाजवळ बोलू, भाऊजी? त्या आळीतलं उरलंय कोण?"

शेजारणीला टॉवेल सापडला असावा. भिंतीपलीकडे आता शांत होते.

"मी उद्या जातो," तो म्हणाला. "सगळं लिहून देतो. वेळेसकट."

वहिनींनी पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे पाहिले.

"ते उद्याचं उद्या. आधी तेवढा डावा गाल करून या. जेवताना समोर बघवत नाही."