बदलीचा संगणक

पिंगळेकाकूंचा संगणक पुन्हा बंद पडला, तेव्हा गजेंद्रने बॅगेतून स्क्रूड्रायव्हर, ब्रश आणि बदलीचा बोलका संगणक काढला. घरचा दुरुस्त होईपर्यंत हा सोबतीला ठेवायचा आणि परत नेताना नियमाप्रमाणे त्याची स्मृती पुसायची. मागच्या खेपेला त्यानेच पुसली होती.

काकू पदराला हात पुसत लगबगीने आल्या. "आलास होय रे! माझी वनिता गेल्यावर तुझ्यापाशीच काय ते मन मोकळं केलं होतं बघ."

"नमस्कार! आपण कोण?" संगणकाने उत्साहाने विचारलं.

काकूंचा चेहरा उतरला. "गजेंद्र, आजारी होता का रे हा?"

"हो, काकू," बॅगेत डोकं घालून उगाच स्क्रू शोधत गजेंद्र पुटपुटला.

"दादा," संगणक काळजीने म्हणाला, "मला काय झालं होतं?"