काळं हँडल नको

"तुले काय आवडस ते सांग," शोभाबाई पुन्हा म्हणाल्या. "मन्ही आवड इचारू नको."

चेतना काउंटरवर पसरलेल्या हँडलांकडे नुसती बघत राहिली. सासूबाईंच्या शेजारी उभं राहून स्वतःची पसंती सांगायची तिला सवयच नव्हती. दोघी कळसाडीहून सकाळच्या एसटीनं शहाद्याला आल्या होत्या. नव्या स्वयंपाकघराची हँडलं सून स्वतः निवडत नाही तोवर दुकानातून हलायचं नाही, असं शोभाबाई घरूनच ठरवून निघाल्या होत्या. बाई हट्टाला पेटली की पेटली.

दुकानदार नवनीतभाई बिचारे डबे काढून काढून दमले. चकचकीत स्टील झालं, मॅट झालं, सोनेरीही झालं. चेतनाचा हात मात्र फिरून फिरून एका काळ्या, खरखरीत हँडलावरच जायचा. अखेर तिनं ते उचललं.

शोभाबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. असलीच हँडलं घरच्या कपाटांना आहेत, लेकानं, भाग्येशनं स्वतः बसवलेली, मग पुन्हा तीच कशाला, असं त्या म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. चेतनाचे डोळे भरून आले.

सासू-सुनेची ओढाताण नवनीतभाईंना काही नवी नव्हती. त्यांनी तोडगा सुचवला. भाग्येशभाऊंना फोटो पाठवा, ते म्हणतील ते पक्कं.

"त्याले काय इचारनं?" शोभाबाई पदर सावरत म्हणाल्या. "तो काहीच बोलस नही."

असतात बापडे काही मुलगे आईच्या मुठीतले, असं मनाशी म्हणत नवनीतभाईंनी शेवटचा डबा उघडला.

त्यात पितळेची हँडलं होती, ठोके मारून केलेली, अंगावर बारीक बारीक खळगे असलेली. चेतनानं एकावरून अंगठा फिरवला. थांबली. परत फिरवला.

"हाई," ती हळूच म्हणाली. "माले हाई आवडनं."

शोभाबाईंना ते मुळीच आवडलं नव्हतं. त्या खळग्यांत पीठ बसणार आणि रोज घासत बसावं लागणार, हे त्यांना दिसत होतं. पण त्यांनी चकार शब्द काढला नाही. उलट लगेच हीच बांधा म्हणून सांगितलं, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की नवनीतभाई चाटच पडले.

माल टेम्पोनं पाठवायचा होता. कळसाडीलाच ना, नवनीतभाईंनी विचारलं.

"नही, खापरले," शोभाबाई म्हणाल्या. "मन्हा भाग्येश ते देवाघर गया. आते आखाजीना मुहूर्तले चेतनानं दुसरं लगीन शे, आन् आंदण मायलेच देनं पडस."