मैदानभर ऊन

मंगळावरच्या त्या घुमटाखाली मोकळी जागा एकच होती, मुलांचं क्रिकेटचं मैदान. तिथे गवत पेरायला खुद्द कर्णधार शाल्मलीनेच होकार दिला, तेव्हा दिगंत भडकला.

"एका पाखरासाठी अख्खं मैदान? कसली गं तू कॅप्टन!"

पृथ्वीवरून आणलेल्या अंड्यांतून कापशी घारीचं एकच पिल्लू जगलं होतं.

"सर, तिला पिंजऱ्यात ठेवू या ना," दिगंतने आठल्ये सरांना विनवलं. "एवढंसं तर खाते ती."

"आणि तिचे उंदीर कुठून आणशील?" सर हसले. "उंदीर गवताचं बी खातो, पण त्यातलं बहुतेक बळ त्याच्या धावण्यात आणि अंगाची ऊब राखण्यात संपतं. अंगी लागतं ते चिमूटभर. तेवढंच पुढे कापशीला मिळतं. म्हणून एका कापशीला पुष्कळ उंदीर लागतात, आणि त्या उंदरांना मैदानभर ऊन प्यालेलं गवत."

गवत कमरेइतकं वाढलं, त्यात सोडलेले उंदीर नांदू लागले. मुलं बोळात मऊ चेंडूने खेळत राहिली, आणि दिगंत रुसलेलाच राहिला.

मग एका सकाळी सरांनी कापशीला सोडलं. ती उंच गेली आणि जिथे पूर्वी खेळपट्टी होती, नेमकी तिथे पंख फडफडवत हवेत एका जागी थांबली. पांढरीशुभ्र, लाल डोळ्यांची. मग दगडासारखी गवतात कोसळली आणि पंजात उंदीर घेऊन वर आली.

मग दिगंतने शाल्मलीची बाही ओढली.

"कॅप्टन, बघ," तो हळूच म्हणाला, "आपलं मैदान उडतंय."